जुन्या चिजा, नवी पदे : गोविंदराव टेंबे

कोल्हापूरहून कागलकडे जाताना महामार्गाच्या पूर्वेला कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत पसरली आहे. वसाहतीपासून फार दूर नाही ते सांगवडे. नृसिंहाच्या देवस्थानामुळे हे गाव पंचक्रोशीला परिचित आहे. मात्र ५ जून १८८१ रोजी तिथे गोविंद सदाशिव टेंबे जन्मले, ही आठवण आज फारशी कोणाला नसावी. एमआयडीसीतील एका मोठ्या इंजिन कारखान्यावर किर्लोस्कर हे नाव झळकते. टेंबे यांच्या आयुष्यात हेच नाव आले ते निराळ्या वाटेने, रंगभूमीच्या.

त्या काळचे कोल्हापूर गाण्याने भारलेले होते. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेब करवीरात आले होते, आणि १८८३ पासून चालत आलेल्या देवल क्लबात गवयांची ये-जा असे. टेंबे यांची पेटी बहुतांशी स्वयंशिक्षित होती. तिला दिशा लाभली ती या क्लबात आणि पुढे भास्करबुवा बखले यांच्या सहवासात. बुवांना साथ करता करता त्यांनी ख्यालाची मांडणी, लयीशी चाललेला खेळ, चिजांचा साठा, सारे आत्मसात केले. खाँसाहेबांची गायकीही त्यांनी अशीच कानांनी टिपली. पुढे खाँसाहेबांचे चरित्र लिहिण्याचा अधिकार त्यांना मिळाला तो याच श्रवणातून.

वास्तविक पेटी हे आपले वाद्य नव्हे. १८४२ साली पॅरिसमध्ये देबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्यात हाताने भाता ओढण्याची सोय झाली आणि ती बैठकीत विसावली. धातूच्या पातळ पट्टीवर वारा सोडून सूर काढण्याचे हेच तत्त्व असलेले दुसरे एक वाद्य, बँडोनिऑन, जर्मनीतून निघून अर्जेंटिनात पोहोचले आणि तिथल्या टँगो संगीताचा प्राण बनले. टँगोची पारंपरिक वाजवणूक व स्वतःच्या रचना यांची सांगड घालणारा आस्तोर पियाझ्झोला याच वाद्याचा वादक. १९५५ साली त्याने आठ वादकांचा संच उभा केला, तेव्हा जुन्या टँगोचे अभिमानी त्याच्यावर तुटून पडले. त्याच्या कितीतरी आधी अशाच परक्या पेटीशी बसून टेंबे मराठी रंगभूमीवर त्याच जातीचा उद्योग करून मोकळे झाले होते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी आपले पहिले संगीत नाटक ‘मानापमान’ किर्लोस्कर नाटक मंडळीला दिले आणि चालींचे काम आले टेंबे यांच्याकडे. साकी, दिंडी आणि कीर्तनी वळणाची पदे हा अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांचा घाट श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेला होता. टेंबे यांनी त्याऐवजी हिंदुस्थानी रागदारीतील बंदिशी आणि पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीचा ढंग आणला, त्यांत आपल्या कल्पनेतून सुचलेल्या चालींची भर घातली. आधी चाल आणि मग शब्द, असा हा उलटा प्रवास होता. चालींच्या मापात शब्द बसविताना खाडिलकरांची पदरचना ठिकठिकाणी ओबडधोबड झाली, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो आणि तो निराधार नाही. पण उसनी चीज आणि नाटकाचे पद यांत अंतर असते. बैठकीत तासभर फुलणारी बंदिश काही मिनिटांत, पात्राच्या तोंडी, प्रसंगाला शोभेल अशी बसवायची, ही रचनाच आहे; नुसती उचल नव्हे.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या तान्ह्या मुलीचे निधन झाले होते. तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. नाटक गाजले. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्व व केशवराव भोसले समोरासमोर गायले, तेही याच चालींवर.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. भागीदारी दोन वर्षेच टिकली. १९१५ मध्ये बाहेर पडून टेंबे यांनी शिवराज नाटक मंडळी उभारली; तीही काही वर्षांत मिटली. संगीतकार म्हणून ज्याचे नाव घरोघरी झाले, त्याला स्वतःची कंपनी मात्र लाभली नाही.

पन्नाशीत त्यांना नवे माध्यम भेटले, तेही कोल्हापुरातच. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दोन्ही त्यांचे. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोर गायचे आणि वादकांनी चौकटीबाहेर लपून साथ करायची. रंगभूमीवर मुरलेल्या टेंबे यांना ही कसरत नवखी नसावी. ‘माया मच्छिंद्र’ आणि ‘सैरंध्री’ यांचे संगीतही त्यांचेच. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली आणि तिथे संगीताची सूत्रे केशवराव भोळे यांच्याकडे आली. भोळ्यांनी पाश्चात्य वाद्यांचा मेळ बसविला. नाट्यसंगीताचा सूर मागे सरला.

१ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीला मज्जाव केला. मींड नाही, श्रुती नाहीत, हा ठपका. टेंबे तेव्हा ५८ वर्षांचे होते. वाद्याची ही उणीव उभा जन्म पेटीवर बोटे फिरविणाऱ्याला ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? गळ्याच्या जागा पट्टीवर सापडत नाहीत म्हणून तर त्यांनी गवयांच्या मागे बसून त्यांचा ध्यास घेतला होता. हा सारा प्रवास ‘माझा संगीत व्यासंग’ या आत्मकथनपर ग्रंथात त्यांनी मांडला आहे.

९ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. पेटीवरची बंदी तेव्हाही कायम होती. ती शिथिल व्हायला १९७१ साल उजाडले.