बाथटबमध्ये सिनेमे साठवणाऱ्या माणसाला सरकारने काढलं आणि दिग्दर्शक रस्त्यावर उतरले

आज आपल्या मोबाईलवर शेकडो सिनेमे पडून असतात. मूड लागला तर बघायचा, नाही लागला तर पुढे सरकवायचा. सिनेमा कुठे हरवू शकतो, असं आपल्याला वाटतच नाही.

पण एक काळ असा होता की सिनेमा थिएटरमधून उतरला की त्याची किंमत रद्दीइतकीच उरायची.

त्या काळात पॅरिसमधल्या एका पोराने ही रद्दी गोळा करायला सुरुवात केली. त्याच्याकडे पैसा नव्हता, डिग्री नव्हती, ओळखीपाळखीही नव्हत्या. होतं ते फक्त सिनेमाचं वेड. पुढे आयुष्यभर त्याने एकच काम केलं, जुने सिनेमे वाचवायचे आणि लोकांना दाखवायचे.

त्याचं नाव आंरी लांग्ल्वा.

त्याचा जन्म १३ नोव्हेंबर १९१४ चा. घर फ्रेंच, पण गाव स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. १९२२ साली युद्धाच्या धामधुमीत या शहराला भीषण आग लागली आणि लांग्ल्वा कुटुंबाला होतं नव्हतं ते मागे टाकून फ्रान्स गाठावं लागलं. तेव्हा आंरी आठ वर्षांचाही नव्हता. एका झटक्यात सगळं कसं नाहीसं होतं, हे त्याने फार लवकर बघितलं.

पॅरिसमध्ये त्याचा जीव अभ्यासात कमी आणि थिएटरात जास्त रमायचा. व्हायचं तेच झालं, शाळेच्या शेवटच्या मोठ्या परीक्षेत गडी नापास झाला. वडिलांनी एका छापखान्यात कामाला लावलं. तिथे त्याला जॉर्ज फ्रांजू भेटला. तोही तसलाच सिनेमावेडा. दोघांची गट्टी जमली.

याच काळात सिनेमाच्या जगात मोठी उलथापालथ चालली होती. १९२७ च्या 'द जॅझ सिंगर'नंतर बोलपटांची लाट आली आणि मूकपट एकदम जुनाट ठरले. निर्मात्यांना ते ठेवायला जागा नको होती. मग फिल्मची रिळं वितळवायची, त्यातली चांदी काढून घ्यायची आणि मोकळं व्हायचं, असा सरळ व्यवहार सुरू झाला. चॅप्लिन असो की आणखी कुणी, भट्टीत सगळे सारखेच.

लांग्ल्वाला हे बघवत नव्हतं. १९३५ साली त्याने आणि फ्रांजूने एक फिल्म क्लब काढला. जुने मूकपट मिळवायचे आणि लोकांना दाखवायचे. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, त्यातून 'सिनेमाथेक फ्रान्सेझ' ही संस्था उभी राहिली. सिनेमाच्या एका व्यावसायिक साप्ताहिकाचे प्रमुख पॉल ओग्युस्त हार्ले यांनी पैशांची मदत केली. लांग्ल्वा तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

आता संस्था झाली, पण फिल्म ठेवायच्या कुठे?

उत्तर होतं, घरी. आईवडिलांच्या घरातल्या बाथटबमध्ये फिल्मचे डबे रचलेले असायचे. आज हा किस्सा हसत हसत सांगितला जातो. पण तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची. ती भुरकन पेट घ्यायची, एकदा पेटली की पाण्यानेही विझायची नाही आणि नीट ठेवली नाही तर डब्यातल्या डब्यात सडून तिची भुकटी व्हायची. थोडक्यात, पोरगं घरात दारूगोळाच साठवत होतं.

१९४० साली जर्मन फौजा पॅरिसमध्ये घुसल्या. नाझींना नको असलेल्या सिनेमांची आता धडगत नव्हती. लांग्ल्वाने फिल्म लपवायला सुरुवात केली. मित्रांची घरं, तळघरं, खेड्यातले वाडे, मिळेल ती जागा धरली. बाबागाडीत डबे घालून ते शहरातून हलवल्याच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. फ्रँक हेन्सेल हा जर्मन फिल्म संग्रहालयाचा माणूस लष्करी अधिकारी म्हणून पॅरिसमध्ये होता. त्याची आणि लांग्ल्वाची आधीपासून ओळख होती. शत्रूच्या बाजूचा असूनही या कामात त्याची मदत झाली.

दुसरं नाव लोटे आयस्नर यांचं. बर्लिनहून जीव वाचवून आलेल्या या ज्यू समीक्षक. स्वतः खोट्या नावाने लपून राहत असतानाही दक्षिण फ्रान्समधल्या एका जुन्या किल्ल्यात बसून त्यांनी लपवलेल्या डब्यांची नोंद केली. युद्धानंतर त्या अनेक वर्षं संस्थेच्या मुख्य आधार होत्या. लांग्ल्वाची आयुष्याची जोडीदार मेरी मीरसन हीसुद्धा याच कामात बुडालेली होती.

१९४८ साली सिनेमाथेकला पॅरिसमध्ये स्वतःचं छोटं थिएटर मिळालं. खुर्च्या फक्त साठ. पण या साठ खुर्च्यांनी जगाचा सिनेमा बदलला.

लांग्ल्वा तिथे एका संध्याकाळी वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या काळांचे सिनेमे लावायचा. अमेरिकन मारधाडपट, जपानी सिनेमा, रशियन मूकपट, सगळं एका पंगतीत. परदेशी सिनेमाला कधी सबटायटल नसायची, मूकपटाला संगीत नसायचं. भाषा कळत नसली की प्रेक्षक आपोआप कॅमेरा, प्रकाश, माणसांच्या हालचाली बघायला शिकायचा.

पुढच्या रांगेत काही पोरं रोज येऊन बसायची. फ्रान्स्वा त्रुफो, जाँ-ल्यूक गोदार, जाक रिव्हेत. यांच्यापैकी कुणाकडेही फिल्म स्कूलचं सर्टिफिकेट नव्हतं. त्यांची शाळा म्हणजे लांग्ल्वाचं थिएटर. याच पोरांनी पुढे 'फ्रेंच न्यू वेव्ह' आणली.

पण लांग्ल्वाचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्याचा कारभार अघळपघळ. कुठला डबा कुठे आहे हे त्याच्या डोक्यात, कागदावर क्वचितच. १९५९ साली त्याच्या संस्थेच्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि बऱ्याच फिल्म जळून गेल्या.

लंडनच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाचे अर्नेस्ट लिंडग्रेन त्याच्या अगदी उलट. त्यांचा नियम कडक. एकुलती एक प्रिंट प्रोजेक्टरवर चढवायची नाही, कारण प्रत्येक खेळाला ती झिजते. लांग्ल्वाचं म्हणणं वेगळं. जो सिनेमा कुणी बघतच नाही, तो वाचला काय नि मेला काय? डब्यात बंद सिनेमाची आठवण कुणाला राहणार, आणि आठवण नसेल तर तो वाचवायला पैसे कोण देणार?

खरं तर दोघेही बरोबर होते. कडक नियम नसतील तर फिल्म जळते, आणि प्रेक्षक नसतील तर ती विसरली जाते.

याच अघळपघळ कारभारावरून १९६८ साली ठिणगी पडली. संस्था सरकारी अनुदानावर चालत होती आणि सरकारला हिशेब हवा होता. सांस्कृतिक मंत्री होते आंद्रे माल्रो. याच माल्रोंनी आधी लांग्ल्वाला शायो महालात मोठं थिएटर मिळवून दिलं होतं. पण फेब्रुवारीत लांग्ल्वाला पदावरून काढलं गेलं आणि त्याच्या जागी दुसरा माणूस बसवला.

सरकारला वाटलं, चार दिवस कुरकुर होईल. झालं भलतंच.

१४ फेब्रुवारीला शायोसमोर मोठा जमाव जमला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्रुफो आणि गोदार यांनाही मार बसला. चॅप्लिन, हिचकॉक, कुरोसावा, फेलिनी अशा जगभरच्या दिग्दर्शकांनी लांग्ल्वाची बाजू घेतली. आपले सिनेमे लांग्ल्वाशिवाय तिथे दाखवायचे नाहीत, असं अनेकांनी कळवलं. म्हणजे थिएटर सरकारकडे, पण दाखवायचं काय?

शेवटी सरकार नमलं. २२ एप्रिल १९६८ रोजी लांग्ल्वा पुन्हा आपल्या जागी आला. अनुदानाला मात्र मोठी कात्री लागली. त्रुफोने त्याच वर्षीचा आपला 'स्टोलन किसेस' हा सिनेमा लांग्ल्वाला अर्पण केला. सुरुवातीलाच त्यात सिनेमाथेकचं बंद दार दिसतं. पुढे मे महिन्यात सगळ्या फ्रान्समध्ये विद्यार्थी आणि कामगारांचं आंदोलन पेटलं. लांग्ल्वा प्रकरण ही त्याची रंगीत तालीम होती, असं अनेकजण मानतात.

१९७२ साली त्याने शायोमध्ये सिनेमाचं संग्रहालय उघडलं. १९७४ साली त्याला मानद ऑस्कर मिळालं. एकही नावाजलेला सिनेमा न बनवता, फक्त सिनेमे जपून आणि दाखवून. १३ जानेवारी १९७७ रोजी वयाच्या ६२ व्या वर्षी तो गेला.

या गोष्टीचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालय सुरू झालं. तिथे पी. के. नायर यांनी पुढची कित्येक वर्षं गावोगाव हिंडून फिल्म गोळा केल्या. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'ची रिळं आज आहेत ती त्यांच्यामुळे. म्हणूनच त्यांना भारताचे लांग्ल्वा म्हटलं जातं.

पण नायर येईपर्यंत उशीर झाला होता. आपल्याकडे बनलेल्या मूकपटांपैकी बहुतेक कायमचे गेलेत. १९३१ साली गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आपला पहिला बोलपट 'आलम आरा' आज कुणालाच बघता येत नाही. त्याची एकही प्रिंट उरलेली नाही.

'आलम आरा' वाचवायला फार काही लागलं नसतं. वेळेवर एखादा वेडा आणि त्याच्या घरी एक बाथटब, एवढं पुरलं असतं.