लुई पाश्चर आणि जीवोत्पत्तीचा वाद

फ्रान्समधील दोल या गावी २७ डिसेंबर १८२२ रोजी लुई पाश्चर यांचा जन्म झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. मुलगा रसायनशास्त्रज्ञ झाला. द्राक्षरस आंबतो तो सूक्ष्म जीवांच्या योगाने, असे पाश्चर यांच्या प्रत्ययास आले. मग हे जीव येतात कोठून?

नासक्या पदार्थांत जीव आपोआप उपजतात, ही समजूत फार जुनी. १८५८ मध्ये रूआन येथील निसर्गसंग्रहालयाचे प्रमुख फेलिक्स पूशे यांनी तिला प्रयोगांचा आधार दिला. दगडातून प्राणी जन्मतो, असे मात्र ते म्हणत नव्हते. जे एके काळी सजीव होते, त्याच्याच अवशेषांतून नवा जीव घडतो, असे त्यांचे मत होते. उकळलेला गवताचा काढा शुद्ध हवेत ठेवूनही त्यात त्यांना जीव दिसत.

या प्रश्नाचा उलगडा करणाऱ्यास फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने २५०० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. पाश्चर यांनी काचेच्या चंबूंच्या माना तापवून हंसाच्या मानेसारख्या लांब व वाकड्या केल्या आणि आतील रस उकळला. वाकड्या मानेतून हवा आत जाई, पण धूळ वळणावरच अडके. रस महिनोन्महिने स्वच्छ राहिला. मान मोडताच तो थोड्याच दिवसांत नासला! पुढे त्यांनी तोंडे बंद केलेले चंबू निरनिराळ्या ठिकाणी नेले आणि तेथे क्षणभर उघडून पुन्हा बंद केले. जुरा पर्वताच्या पायथ्याशी २० पैकी ८ नासले, वर डोंगरावर २० पैकी ५, आणि आल्प्समधील हिमनदीवर २० पैकी अवघा १. १८६२ मध्ये पारितोषिक त्यांना मिळाले.

पूशे स्वस्थ बसणारे नव्हते. १८६३ मध्ये, साठी उलटलेली असताना, ते पिरेनीज पर्वतातील हिमनदीपर्यंत चढून गेले. त्यांच्या चंबूंत गवताचा काढा होता, आणि त्या सर्वांत जीव उपजले. अकादमीने परीक्षक नेमले. परंतु प्रयोग किती व कसे करावेत यावरून १८६४ मध्ये खटका उडाला आणि पूशे यांनी माघार घेतली. गवताच्या काढ्याची परीक्षा राहूनच गेली. ती झाली असती, तर पाश्चर यांची मोठी पंचाईत झाली असती. गवतावरील एका जंतूची बीजे उकळत्या पाण्यातही मरत नाहीत, हे १८७६-७७ च्या सुमारास फर्डिनांड कोन व जॉन टिंडल यांच्या संशोधनाने उघड झाले. पूशे यांनी पाहिले ते खरे होते. त्यांनी लावलेला अर्थ तेवढा चुकला होता.

पाश्चर यांच्या विचाराचा लाभ रुग्णांनाही झाला. त्याच्याच आधारे इंग्रज शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून जखमा जंतुनाशकाने धुण्याची पद्धत सुरू केली.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर निवर्तले. आजच्या रसात जीव आपोआप उपजत नाही, एवढे त्यांनी दाखविले. पृथ्वीवर पहिला जीव निर्जीव द्रव्यातून झाला काय, हा प्रश्न निराळा होता. वादाच्या भरात पुष्कळांनी दोहोंची गल्लत केली. तो दुसरा प्रश्न १९२४ मध्ये रशियन शास्त्रज्ञ ओपारिन यांनी नव्याने हाती घेतला, आणि त्याचे उत्तर शास्त्रज्ञ अजून शोधीत आहेत.