रहीमसाहेब : मैदानावरचा शाळामास्तर

फुटबॉलचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम कलकत्ता उभे राहते. त्यामागोमाग गोवा आणि केरळ. हैदराबादची आठवण क्वचितच कोणाला होते. परंतु भारतीय फुटबॉलने आशियात जो मानाचा काळ पाहिला, त्याचा पाया मोठ्या प्रमाणात हैदराबादेत घातला गेला आणि तो घालणारा माणूस पेशाने शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. खेळाडू त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. परप्रांतात संसार मांडलेल्या आम्हा कुटुंबांपुढे मुले घडविण्याचा प्रश्न नित्याचाच असतो. घरची भाषा एक, शाळेची दुसरी, गल्लीतली तिसरी. अशा वेळी मुलांना एकत्र आणणारा एखादा चांगला शिक्षक भेटणे हे केवढे भाग्य असते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. रहीमसाहेबांचे चरित्र हे मुख्यतः अशा शिक्षकाचे चरित्र आहे, म्हणून ते येथे सांगावेसे वाटले.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. ते निजामाचे राज्य होते. तेलंगणाबरोबर आपला मराठवाडा आणि काही कानडी जिल्हेही त्यात मोडत असल्यामुळे हैदराबाद शहरात तेलुगू, उर्दू, मराठी आणि कन्नड या भाषा शेजारीपाजारी नांदत. सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत मराठी कुटुंबांची जुनी वस्ती होती. उस्मानिया विद्यापीठ त्या काळी उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देई. तेथे रहीमसाहेबांनी कला शाखेची पदवी घेतली आणि विद्यापीठाच्या मैदानावर फुटबॉलही गाजविला. पुढे त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुड्याची माध्यमिक शाळा, चादरघाटचे हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी अध्यापन केले. मध्यंतरी शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन त्यांनी खेळाच्या तासाचीही जबाबदारी उचलली. १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले आणि ते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

त्या काळी आपल्याकडे फुटबॉल म्हणजे अनवाणी पायांनी चेंडू खेळवीत नेण्याची करामत, अशीच समजूत होती. चारपाच जणांना चकवून जाणाऱ्या खेळाडूवर प्रेक्षक खूष असत. रहीमसाहेबांना त्या करामतीचे कौतुक होते. परंतु एकट्याच्या करामतीवर संघ उभा राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. ही गोष्ट व्याख्याने देऊन पटणारी नव्हे. म्हणून त्यांनी शिक्षकाला साजेसा उपाय योजला. ज्यांत चेंडू खेळवीत नेण्यास मनाईच असे, असे सामने त्यांनी भरविले. चेंडू येताच तो साथीदाराकडे दिलाच पाहिजे, असा नियम झाला म्हणजे मुलाला चेंडू पायाशी येण्याआधीच मान वर करून कोण कोठे उभा आहे हे पाहावे लागते. ज्याच्याकडे चेंडू नाही त्यालाही मोकळी जागा शोधून धावावे लागते. दुसऱ्या प्रकारच्या सामन्यांत आपल्या कमजोर पायानेच चेंडू मारण्याची अट असे. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या पायाने खेळू लागला म्हणजे प्रथम हसे होते. पण काही महिन्यांनी त्याचे दोन्ही पाय तयार होतात आणि प्रतिस्पर्ध्याला त्याची दिशा कळेनाशी होते. कमी खेळाडूंचे, लहान मैदानावरचे सामनेही ते घेत. शिक्षा नाही, आरडाओरडा नाही. खेळाचा नियमच गुरू होऊन शिकवीत असे.

या शिक्षणाचे फळ हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या रूपाने दिसले. मुंबईच्या फुटबॉलप्रेमी मंडळींना रोव्हर्स करंडकाचे अप्रूप किती होते, हे आमच्यातील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. कूपरेजच्या मैदानावर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबादच्या पोलिसांनी तो करंडक जिंकून नेला. ड्युरंड करंडकही या संघाने एकाहून अधिक वेळा मिळविला. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे हैदराबादने राष्ट्रीय अजिंक्यपदाची संतोष ट्रॉफी जिंकली. याच सुमारास, नोव्हेंबर १९५६ मध्ये, जुने हैदराबाद राज्य विसर्जित झाले आणि मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला.

राष्ट्रीय संघाची धुरा रहीमसाहेबांकडे १९५० च्या सुमारास आली. मार्च १९५१ मध्ये दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. अंतिम सामन्यात सैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने इराणचा एका गोलाने पराभव केला; तो गोल मेवालाल यांचा. देश नवा, संघ नवा आणि सुवर्णपदकही नवे. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा दारुण पराभव केला. आपले बरेच खेळाडू तेथे अनवाणीच खेळले होते. त्या पराभवानंतर फुटबॉल महासंघाने बूट घालणे सक्तीचे केले. रहीमसाहेबांनी बुटांपलीकडचाही धडा घेतला. युरोपातील संघ आपली मांडणी कशी करतात, हंगेरीचा मधला आघाडीवीर मागे सरकून प्रतिस्पर्ध्याचा बचाव कसा विस्कळीत करतो, याचा त्यांनी अभ्यास केला आणि तो विचार आपल्या खेळाडूंच्या अंगवळणी पाडला.

त्याचा प्रत्यय १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नला आला. ऑलिंपिकच्या उपउपांत्य सामन्यात यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरविले. त्यांपैकी तीन गोल मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या नेव्हिल डिसोझाचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. उपांत्य सामना युगोस्लाव्हियाने आणि तिसऱ्या क्रमांकाचा सामना बल्गेरियाने जिंकल्यामुळे पदक हुकले. तरी चौथा क्रमांक लागला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये याहून वरचे स्थान भारताला पुढे कधीच मिळालेले नाही.

मेलबर्नच्या त्या चमूत तुळशीदास बलराम हा विशीतला तरुण होता. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या खेड्यातला हा गरीब घरचा मुलगा. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि हैदराबादला सरावास येण्यास सांगितले. पण रोज इतक्या दूर येणार कसा? तेव्हा रहीमसाहेबांनी त्याच्या भाड्याच्या सायकलीसाठी स्वतः पैसे देण्यास सुरुवात केली. पुढे हाच बलराम पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी यांच्या जोडीने भारताच्या आघाडीचा तिसरा मोहरा झाला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये या संघाने बलाढ्य हंगेरीशी झुंज देऊन केवळ एका गोलाच्या फरकाने हार पत्करली आणि फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले. त्या चमूत रहीमसाहेबांचे चिरंजीव हकीम हेही होते.

आता १९६२ सालाकडे वळू. जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांसाठी संघ निघाला तेव्हा रहीमसाहेबांना फुप्फुसाच्या कर्करोगाने घेरले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. थायलंडवर विजय मिळाला. पण त्या सामन्यात बचावाचा कणा असलेल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम झाली आणि टाके घालावे लागले. जपानलाही नमवून संघ उपांत्य फेरीत पोहोचला. येथे रहीमसाहेबांनी एक धाडसी निर्णय घेतला. जखमी जर्नेलसिंगला बचावात उभे करण्याऐवजी त्यांनी आघाडीवर मधोमध खेळविले आणि त्याच्या जागी अरुण घोष यांना बचाव सांभाळण्यास सांगितले. वरकरणी तो जुगार वाटला असेल. पण ज्याच्या खेळाडूंना एकमेकांची कामे ठाऊक आहेत, त्यालाच असा जुगार परवडतो. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ असा विजयी झाला.

मैदानाबाहेरचे वातावरण मात्र बिघडले होते. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांना स्पर्धेत येऊ दिले नव्हते. स्पर्धा महासंघातील भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्याला आक्षेप घेतला, त्यामुळे जनमत भारताविरुद्ध खवळले आणि जमावाने भारतीय वकिलातीवर हल्लाही केला. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यासाठी सुमारे एक लाख प्रेक्षक जमले. ते बहुतांशी भारताच्या विरोधात ओरडत होते. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी आपल्या मुलांकडे भेट म्हणून एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे सुवर्णपदक, असे त्या संघातील मंडळी पुढे सांगत असत. पहिल्या वीस मिनिटांतच बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी एकेक गोल केला. अखेरच्या काही मिनिटांत कोरियाने एक गोल फेडला. परंतु सामना २-१ असा भारताने जिंकला. संघनायक चुनी गोस्वामी होते. मधल्या फळीत गोव्यातील कोलवाळचा आणि मुंबईच्या टाटा संघातून पुढे आलेला फोर्तुनातो फ्रँको होता. पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ, गोमंतकीय अशी नाना भाषांची मुले त्या दिवशी एका जिवाने खेळली. ज्या शहरात रहीमसाहेब वाढले तेथे चार भाषा एका गल्लीत नांदत. नाना भाषांच्या मुलांना एका खेळात गोवण्याची कला त्यांना तेथेच गवसली असावी, असे आम्हाला वाटते.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब निवर्तले. वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. आशियाई स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही आणि १९६० नंतर ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेतही आपला संघ पोहोचलेला नाही.

तरीही त्यांची शिकवण अगदीच वाया गेली नाही. १९७४ साली बँकॉकला भरलेल्या आशियाई युवक स्पर्धेत भारताच्या तरुण संघाने इराणशी बरोबरी साधून संयुक्त विजेतेपद पटकाविले. त्या संघाचे प्रशिक्षक होते जाकार्ताच्या बचावातले अरुण घोष आणि नायक होता हैदराबादचाच शब्बीर अली. गुरूचा शिष्य आणि गुरूच्या गावचा मुलगा यांनी मिळून मिळविलेले ते यश होते. युवक गटातील आशियाई विजेतेपद भारताच्या वाट्याला तेवढेच आले. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा यजमान म्हणून आपला संघ प्रथमच विश्वचषकात उतरला. त्यात, जेथे तालमीतालमींचे फुटबॉल संघ आहेत त्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, याचा आम्हा मराठी माणसांना आनंद झाला. मुले तिन्ही सामने हरली; त्यांची जिद्द मात्र सर्वांनी पाहिली.

या दोन युवक संघांमध्ये त्रेचाळीस वर्षांचे अंतर आहे. त्या काळात पैसा वाढला, मैदाने सुधारली, परदेशी प्रशिक्षक आले. उणीव राहिली ती शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी दहाबारा वर्षांच्या मुलांना डाव्या पायाने चेंडू मारावयास लावणाऱ्या मास्तरांची. रहीमसाहेबांनी जे एकट्याच्या खांद्यावर पेलले, ते त्यांच्यामागे गावोगावी चालू ठेवणारी व्यवस्था आपण उभारली नाही. एका व्यक्तीवर विसंबलेले काम त्या व्यक्तीबरोबर क्षीण होते, ही खंत फुटबॉलपुरती मर्यादित नाही. पन्नास वर्षे पुरी करणाऱ्या कोणत्याही संस्थेने ती मनाशी बाळगावी अशी आहे. मंडळाचे बालवर्ग, वाचनालय, क्रीडास्पर्धा ही कामे दोनचार उत्साही माणसांची न राहता पुढच्या पिढीच्या हाती वेळीच सोपविली गेली, तरच शतकमहोत्सवाची वाट धरता येईल.

२०२४ साली रहीमसाहेबांच्या जीवनावर एक हिंदी चित्रपट आला आणि त्यांचे नाव पुन्हा घरोघरी पोहोचले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यांचे खरे स्मारक मुलांच्या खेळात आहे. आपल्या वस्तीतील मोकळ्या जागेत मुले चेंडू खेळत असतील, तर त्यांना तासभर एकमेकांकडे चेंडू देण्याचा खेळ शिकवावा. मग ती मुले कोणतीही भाषा बोलणारी असोत. हैदराबादच्या या थोर शिक्षकाला आमची विनम्र आदरांजली.