बोटभर चित्रांतली माणसे

अठराव्या शतकात जर्मनीतल्या सुशिक्षित घरांत खिशात मावणारे वार्षिक कॅलेंडर घेण्याची पद्धत होती. तारीख-वार, थोडा वाचनीय मजकूर आणि महिन्याला एक याप्रमाणे बारा कोरीव चित्रे. एकेक चित्र जेमतेम बोटाएवढे. पण तेवढ्या जागेत मालक कोण, नोकर कोण, खरे दुःख कुठले आणि उसने कुठले, हे ओळखता यावे! ही करामत साधली डॅनिएल खोडोविएत्स्की याने.

त्याचा जन्म १७२६ साली डान्झिगला, म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्क शहरात झाला. वडील धान्याचे व्यापारी. ते १७४० मध्ये वारले आणि तीन वर्षांनी मुलगा बर्लिनला मामाच्या दुकानात लागला. तिथे तो तपकिरीच्या डब्या रंगवी. तांब्याच्या पत्र्यावर लेप द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या आणि आम्लाकडून त्या कोरून घ्यायच्या, ही विद्या तो बरीचशी आपली आपणच शिकला.

त्याचे नाव झाले ते एका दुःखद चित्राने. फ्रान्समधील तुलूझचा प्रोटेस्टंट व्यापारी झाँ कालास याच्यावर मुलाच्या खुनाचा आळ आला. १७६२ मध्ये त्याला हाल हाल करून मारण्यात आले. १७६५ मध्ये तो निर्दोष ठरला. खोडोविएत्स्कीने १७६७ मध्ये त्याला तुरुंगात कुटुंबाचा निरोप घेताना रंगवले व मग ते चित्र कोरलेही. चित्रकाराच्या आईचे पूर्वजही फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांपैकीच. ही वेदना त्याला परकी नव्हती.

मला मात्र सर्वांत भावते ती १७७८ पासूनची जोडचित्रांची मालिका. सहज वागणे एकीकडे, दिखाऊ वागणे दुसरीकडे. एका चित्रात स्त्री-पुरुष मावळता सूर्य शांतपणे पाहत उभे आहेत. जोडीच्या चित्रात तोच सूर्य, पण हातवारे किती! चेहरे तर मोहरीएवढे. भाव कळतो तो हात, मान आणि उभे राहण्याची ढब यांवरून.

या मालिकेवर गॉटिंगेनचे प्राध्यापक लिश्टेनबर्ग यांनी टिपणे लिहिली. त्याच काळात झुरिकचे धर्मोपदेशक लाव्हाटर नाक-कपाळाच्या घडणीवरून स्वभाव सांगत होते आणि त्यांच्या ग्रंथासाठीही खोडोविएत्स्कीने चित्रे केली होती. लिश्टेनबर्ग यांचा त्याला कडाडून विरोध होता. ते स्वतः लहानपणापासून पाठीला कुबड असलेले. देहाच्या ठेवणीवरून माणूस जोखण्यातला अन्याय त्यांना कोणी समजावून सांगायला नको होता.

खोडोविएत्स्कीने दोघांचेही काम केले. पण माझ्या मते त्याची सुई लिश्टेनबर्ग यांच्या बाजूची होती. १७७३ मध्ये तीस वर्षांनी आईला भेटायला तो घोड्यावरून डान्झिगला गेला. त्या प्रवासाची त्याने शंभराहून अधिक चित्रे काढली. त्यांत सरदार-व्यापारी आहेत, तशी साधी माणसेही आहेत. कपड्यांवरून प्रत्येकाची पायरी कळते, पण पायरी खालची म्हणून कुणाची चेष्टा केलेली नाही.

दोन हजारांहून अधिक कोरीव चित्रे मागे ठेवून, बर्लिनच्या कला अकादमीचा प्रमुख असताना, तो १८०१ मध्ये वारला. घरात मुले असतील तर त्याची ती सूर्यास्ताची जोडी त्यांच्यापुढे जरूर ठेवा. खरे कोण आणि सोंग कोणाचे, हे विचारा. आणि कशावरून ओळखले, तेही विचारायला विसरू नका.