डोरेमॉननंतर काय?

घरात लहान मूल असेल तर हा प्रश्न आपल्याही परिचयाचा असेल. माझा नातू आता अकरा वर्षांचा आहे. डोरेमॉनचे भाग त्याला पाठ झाले आहेत. हल्लीचा टीव्ही आपणहून तशाच मालिका सुचवतो. पुन्हा एक गमतीदार सवंगडी, पुन्हा एक आळशी मुलगा. नातू दहा मिनिटे पाहतो आणि उठून जातो. त्याची आजी गेल्या दिवाळीनंतर गेली. तेव्हापासून त्याला हसवायला आम्ही सगळेच धडपडतो, पण तिच्याविषयी तो चकार शब्द काढत नाही.

एकासारखी दुसरी मालिका शोधण्याऐवजी मी मालिका काढणाऱ्या माणसांचा माग काढला. डोरेमॉनचे जनक हिरोशी फुजिमोतो आणि त्यांचे जोडीदार मोतोओ आबिको १९५४ साली टोकियोतल्या तोकिवासो या साध्या इमारतीत राहायला आले. त्यांना मिळालेली खोली ओसामु तेझुका यांनी नुकतीच सोडली होती. जाताना खोलीची अनामत रक्कमही त्यांनी या दोघा होतकरू पोरांसाठी तशीच ठेवली. जपानी ॲनिमेची कुळकथा सांगायची तर अशा या माणसापासूनच सुरुवात करावी लागते.

तेझुकांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८चा, ओसाकाजवळच्या तोयोनाकाचा. बालपण तकाराझुकात गेले. वडिलांकडे घरगुती प्रोजेक्टर होता, त्यावर डिस्ने आणि चॅप्लिनची चित्रे पाहायला मिळत. किड्यांचे वेड इतके, की आपल्या नावात त्यांनी किडा या अर्थाचे अक्षर जोडून घेतले. १९४५ साली ओसाकावर बॉम्ब पडले तेव्हा सोळा वर्षांचा हा मुलगा कारखान्यात कामाला होता. तो वाचला; भोवतालची माणसे मेलेली त्याने पाहिली.

पुढे ते वैद्यक शिकले, पदवी घेतली. दवाखाना की चित्रकथा, असा पेच पडला तेव्हा आईने मनाला आवडेल तेच करायला सांगितले. डॉक्टरकी सुटली, पण मृत्यूकडे डोळे उघडून पाहण्याची डॉक्टरची सवय सुटली नाही. त्यांचा ॲटम हा यंत्रमानव मुलगा पाहा. अपघातात गेलेल्या मुलाच्या जागी शास्त्रज्ञ बाप त्याला घडवतो आणि तो वाढत नाही म्हणून सर्कशीला विकतो. १ जानेवारी १९६३ रोजी ही कथा जपानी टीव्हीवर आली. दर आठवड्याला भाग द्यायचा, म्हणून चित्रांची संख्या कमी केली. भाग विकले तेही खर्चापेक्षा कमी भावात. त्या स्वस्ताईचा भार पुढच्या चित्रकारांनी वाहिला, हा दोष त्यांच्या पदरी घालावाच लागेल. त्यांनी उभारलेली मुशी प्रॉडक्शन ही संस्था १९७३ साली दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी त्यांनी ‘ब्लॅक जॅक’ हा परवाना नसलेला शल्यविशारद कागदावर आणला आणि पुन्हा उभे राहिले. गौतम बुद्धांची दीर्घ चित्रकथा ते १९८३ पर्यंत काढत होते. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, साठाव्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने ते गेले. रुग्णशय्येवरही हात चालूच होता. तीन चित्रकथा अर्धवट राहिल्या.

तेव्हा माझी शिफारस अशी. डोरेमॉन आवडला असेल तर पुढे ॲटम. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीसाठी टीव्हीपुढे बसलेले आईबाप मुलांना तेझुकांचा पांढरा सिंह दाखवू शकतात. तोही आईबापांना पारखा झालेला, रानात वाढणारा. वैद्यकीय मालिका आवडणाऱ्या मोठ्या मुलांना ब्लॅक जॅक. त्यात रक्त आहे, एवढे ध्यानात ठेवावे. आणि ॲटमच्याच एका कथेवरून नाओकी उरासावा यांनी रचलेली, २०२३ साली पडद्यावर आलेली ‘प्लुटो’ मात्र जाणत्यांसाठी.

एका रविवारी मी आणि नातू ॲटमचा पहिला, कृष्णधवल भाग पाहायला बसलो. तो मध्येच उठला नाही. भाग संपल्यावर त्याने विचारले, की गेलेल्या मुलाचे कपडे त्या बापाने काय केले असतील. मला उत्तर देता येईना. मग हळूच त्याने आजीच्या साड्या कुठे ठेवल्या आहेत ते विचारले. आम्ही दोघांनी मिळून कपाट उघडले. दुसरा भाग त्या दिवशी राहूनच गेला.