तंजावरचे सरफोजी राजे : पितृनामे आणि नामभेद

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांचा जन्म १७७७ मध्ये भोसले कुळाच्या एका दूरच्या शाखेत झाला. तुळजाजी राजे यांना औरस वारस उरला नसल्याने त्यांनी १७८७ मध्ये या मुलास दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. दत्तविधानाने मुलाचा पिता बदलतो, त्याबरोबर श्राद्धात उच्चारावयाची पूर्वजांची नावेही बदलतात. सरफोजींच्या बाबतीत ती तुळजाजी, प्रतापसिंह आणि तुकोजी अशी ठरली.

परंतु तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी या दत्तविधानास हरकत घेतली. पंडितांचा अभिप्राय घेऊन कंपनी सरकारने ते अवैध मानले व अमरसिंहांस गादी दिली. मुलाचा पिता कोण, हा धर्मशास्त्राचा प्रश्न आता राज्याचा प्रश्न झाला. मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली सरफोजींचे शिक्षण झाले. पुढे पंडितांचे मत त्यांना अनुकूल पडले आणि १७९८ मध्ये ते गादीवर आले. मात्र १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला.

सत्ता गेली तरी वंश उरला होता. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. वंशावळीचे हे मोलाचे साधन होय. पण दत्तकाचा हक्क ज्याला सिद्ध करावयाचा होता त्याच्याच दरबारात ते घडले, हे अभ्यासकाला विसरता येत नाही.

या वंशात नावांचा गोंधळ सहज होतो. संस्थापक व्यंकोजी हेच एकोजी होत. तुकोजींचा उल्लेख तुळजा असाही आढळतो, आणि तेच नाव त्यांच्या नातवाचे. स्वतः सरफोजी संस्कृत ग्रंथांत शरभेंद्र होतात. अशा ठिकाणी केवळ नावावरून व्यक्ती ठरत नाही. पित्याचे नाव, राज्यकाल आणि साधनाची भाषा ही तिन्ही ताडून पाहावी लागतात. नावे दोन म्हणून माणसे दोन होत नाहीत, तसेच नाव एक म्हणून माणूस एक ठरत नाही.

सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध करून सरफोजी १८३२ मध्ये वारले. पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्रसंततीविना निवर्तल्यावर कंपनीने ही गादीच संपुष्टात आणली. दत्तविधानाने सावरलेला वंश अखेर वारसाच्याच प्रश्नावर राज्याला मुकला.