पालवणकर बाळू

ओहोटी लागली म्हणजे आमच्या किनाऱ्यावरील घट्ट पुळणीवर मुलांचा क्रिकेटचा डाव मांडला जातो, तो भरतीचे पाणी पायांस लागेपर्यंत चालतो. ह्या डावात प्रत्येकास फळी हवी असते. चेंडू टाकण्यास सहसा कोणी राजी नसतो. वर्षानुवर्षे इतरांसाठी चेंडू टाकूनच ज्याने कीर्ती मिळविली, अशा एका कोकणी घराण्यातील खेळाडूचे चरित्र आम्ही म्हणूनच विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो.

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. पालवण ह्या कोकणातील गावावरून त्यांचे आडनाव पडले. वडील पलटणीत शिपाई होते. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणे अस्पृश्य. पुण्यास पारशांच्या क्लबात दरमहा ३ रुपयांवर, व १८९२ च्या सुमारास गोऱ्या साहेबांच्या क्लबात ४ रुपयांवर ते चाकरीस राहिले. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, आखणी करावी, जाळी बांधावी आणि साहेबांस सरावासाठी चेंडू टाकावेत, हे त्यांचे काम. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तर इतरांच्या आधी येऊन त्यांच्याकडून तासभर चेंडू टाकवून घेई व बाद झाला की आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. डाव्या हाताच्या त्या संथ, वळणाऱ्या चेंडूची तालीम अशी झाली. फळी मात्र बाळूंच्या हाती कोणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघास गोऱ्यांशी सामना जिंकावयाचा होता, तेव्हा बाळूंची आठवण झाली. काही सभासदांचा विरोध असताही त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. परंतु चहाच्या वेळी बाळूंनी बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा घ्यावयाचा, जेवणाचे ताटही वेगळे. इंग्लंडातही वेतनी खेळाडू व हौशी गृहस्थ वेगळ्या दारांनी मैदानात उतरत, हे खरे. पण तेथे पेला विटाळत नसे. पुढे १९२७ साली आमच्याच जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर, जो प्रश्न उभा राहिला तो हाच होय.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. तेथे रेल्वेत नोकरी व हिंदू जिमखान्याकडून खेळणे सुरू झाले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले. त्या संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण खांदा दुखत असताही बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले, आणि लेस्टरशायरवरील विजयात एकट्याने ११!

एवढे करूनही कर्णधारपद मिळाले नाही. १९१३ साली म. दा. पै यांची त्या पदावर निवड झाली, तेव्हा सत्काराच्या प्रसंगी हा मान बाळूंचा होता असे स्वतः पै यांनीच सांगितले. सत्काराच्या हारांत असे बोलणे सोपे नव्हे. १९२० साली बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि पै आजारी असता त्यांच्या जागी बंधू विठ्ठल यांनाही डावलण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघ सोडला व आपली तक्रार जाहीरपणे मांडली. वर्तमानपत्रांतून वाद माजला. अखेरच्या सामन्यास पै परतले. बाळूंना उपकर्णधार करून तिन्ही बंधूंस सन्मानाने घेण्यात आले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या अवधीत संघ बाळूंच्या आज्ञेत खेळला. ते सहज गेले असे आम्हांस वाटत नाही. तीन वर्षांनी विठ्ठल रीतसर कर्णधार झाले व त्यांनी युरोपियनांस हरविले.

पुढे बाळू राजकारणात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. तरुणपणी बाळूंचे कौतुक करणाऱ्या डॉक्टरांस १३,२४५ मते पडली, बाळूंस ११,२२५. दोघांपैकी कोणाचा मार्ग योग्य, ह्यावर घरोघरी वाद होऊ शकेल. तो आम्ही वाचकांवर सोपवितो.

१९५५ च्या जुलैत मुंबई येथे बाळूंचे देहावसान झाले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी नोंदलेले आहेत.